संगीत मंडळाचं सभासदत्व : आषाढ ते फाल्गुन

आमच्या भागातल्या संगीत मंडळाचं वार्षिक सभासदत्व आषाढात घेतलं, आता फाल्गुन सरत आलाय. मी गाणं शिकलेलो नाही, नुसता ऐकणारा आहे; त्या हिशेबाने वाचा.

पैसे वसूल झाले ते पहाटेच्या बैठकांमुळे. संध्याकाळच्या मैफलींचं दुखणं गाण्यात नाही, घड्याळात आहे. हिवाळ्यात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कार्यक्रम सहाचाच. पण आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत, त्या मनोगताबद्दल आभार. एकदा पडद्यामागून तंबोरे ऐकू येत होते, पहिली तार निषादाला (नी) लावलेली. म्हणजे मारवा किंवा पूरिया असणार, दोन्ही दिवेलागणीचे राग. दोन्हींत पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागतच नाही, म्हणून तार निषादाला. गाणाऱ्या बाई बैठकीवर आल्या तोवर बाहेर मिट्ट काळोख. काही न बोलता त्यांनी ती तार पंचमाला आणली आणि रात्रीचा राग यमन सुरू केला. यमन झाला सुरेखच. पण दिवेलागणीचा राग भाषणांनी खाल्ला, त्याचं सभागृहात कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही. वर मध्यंतरानंतर 'एक अभंग होऊ द्या' अशी चिठ्ठी गेलीच.

श्रावणातला मिया मल्हार, पावसाळ्याचा राग, मात्र अजून कानात आहे. दोन निषादांचं (कोमल आणि शुद्ध नी) ते आंदोलन, म्हणजे सूर हलकेच झुलवणं, गवयाने इतकं सावकाश मांडलं की पंधरा-वीस मिनिटं तार षड्जाची (वरच्या सा ची) आठवणही झाली नाही. दमट हवेने तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरायची, म्हणजे सूर खाली जायचा, तबलजी हातोडी घेऊन सारखे गठ्ठे ठोकत होते. ध्वनिव्यवस्था म्हणाल तर डग्गा छातीवर आदळायचा आणि तंबोरा गायब. पुढच्या रांगा टाळा, मधल्या धरा.

आता पहाट. पंचवटीत एक छोटं सभागृह, सतरंज्या, गुडघेवाल्यांसाठी कडेला खुर्च्या, माइक जवळजवळ नाहीच. थंडी अशी की अर्धे श्रोते कानटोपीत. याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुसकरांनी रामनाम आधार आश्रम उभारला. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य माणसाला गाण्याचं दार उघडणारे ते हेच. त्या छोट्या सभागृहात उजाडायच्या आधी ललत हा पहाटेचा राग ऐकला. दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) एकापाठोपाठ लागतात तेव्हा तंबोऱ्याचा झंकार कानावर यावा लागतो, आणि तो येत होता. ऊन खिडकीत आल्यावर तोडी, तो सकाळचा राग. रेकॉर्डिंगवर हे राग मी वर्षानुवर्षं ऐकलेत, पण रात्री जेवण झाल्यावर! सगळ्या मैफली संध्याकाळीच होत असतील तर सकाळचे राग समोर बसून ऐकायचे कधी? हा एक प्रश्न या मंडळाने सोडवलाय, आणि तोही चहासकट. (चहा फार गोड असतो.)

नव्यांनी पहाटेला जाताना घरून आसन न्यावं, फरशी गार असते.

पुढच्या वर्षाचा अर्ज भरून दिलाय. सूचनेच्या रकान्यात एवढंच लिहिलं : सत्कार मध्यंतरात घ्या.