पानिखारचा मुक्काम: नून-कुन नीट बघायचं असेल तर इथेच उतरा

लडाखात कारगिलहून झंस्करकडे निघालेल्या बहुतेक गाड्या सुरू खोऱ्यातल्या पानिखार गावी चहापुरत्या थांबतात आणि थेट रंगदुम गाठतात. माझं सांगणं, नून आणि कुन ही जोडशिखरं नीट बघायची तर इथे उतरा आणि निदान दोन रात्री राहा. कारगिलपासून अंतर जेमतेम 67 किलोमीटर.

आम्ही राहिलो त्या घराला पाटीसुद्धा नाही. खोली स्वच्छ, जमिनीवर जाड गाद्या, पांघरायला भरपूर रजया. सकाळी खंबीर नावाची लडाखी रोटी, जर्दाळूचा जाम आणि खारट चहा, रात्री थुकपा म्हणजे नूडल्सचं सूप, नाहीतर डाळ-भात. जेवण साधं पण गरमागरम आणि पोटभर; घरातल्या काकू ताट रिकामं राहू देत नाहीत. संडास लडाखी पद्धतीचा, कोरडा आणि घराबाहेर. रात्री टॉर्च लागतो. गरम पाणी बादलीभर मिळतं, तेही आधी सांगून ठेवलं तर.

पण हे घर मी सुचवते आहे ते काकूंच्या मुलासाठी. तो लागो ला या खिंडीवरून पलीकडच्या पर्काचिक गावाला चालत नेतो. सुरू नदी आणि तिच्या काठचा रस्ता, दोन्ही एका डोंगराच्या सोंडेला लांब वळसा घालतात. ही वाट मात्र थेट सोंड ओलांडते. जवाची आणि वाटाण्याची शेतं संपली की नुसता चढ. दम लागतोच. मुलगा मात्र आपल्या चालीने चालू देतो, ‘दीदी, आराम से’ म्हणत मागे थांबतो.

खिंडीत पोचलो आणि समोर अख्खा डोंगरसमूह उभा. उजवीकडे नून, 7,135 मीटर. डावीकडे कुन, 7,077. काराकोरम वगळलं तर लडाखात नूनपेक्षा उंच काही नाही. दोघांच्या मध्ये चारेक किलोमीटरचं हिमपठार आहे, हे खालच्या रस्त्यावरून कळतच नाही. मुलाने बेस कॅम्पपर्यंत ओझी वाहिलेली आहेत, त्यामुळे तो हवेत बोट फिरवून वाटा दाखवतो: नूनला जाणारे तांगोल गावाहून वर चढतात, कुनला जाणारे पुढे जाऊन शाफत हिमनदीने.

कुनच्या पलीकडचं पिनॅकल शिखर मी मुद्दाम विचारून घेतलं. 1906 साली अमेरिकन गिर्यारोहक फॅनी बुलक वर्कमन तिथे चढल्या, वयाच्या 47व्या वर्षी, त्या काळच्या लांब स्कर्टात. कुनवर 1913 मध्ये मारियो पियाचेन्झांची इटालियन तुकडी पोचली. नून सर झालं ते 1953 मध्ये, आणि माथ्यावर पोचलेल्या दोघांपैकी एक होत्या फ्रेंच गिर्यारोहक क्लोद कोगान. या डोंगरांच्या इतिहासात बायका इतक्या पुढे आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मी भूगोल शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाबळेश्वरचा पाऊस वाई ओलांडून पुढे गेला की आटतो, तेच इथे सात हजार मीटरच्या भिंतीने केलंय. भिंतीपलीकडे वाडवन खोऱ्याच्या बाजूला हिरवी जंगलं, अलीकडे उघडे डोंगर आणि फक्त पाणी पोचेल तिथे विलो आणि पॉप्लर. हिवाळ्यात मात्र सुरू खोऱ्यात बर्फ प्रचंड पडतं. त्या बर्फावरच पर्काचिकची हिमनदी पोसली जाते. खिंडीतून ती उभी, भेगाळलेली दिसते, थेट नदीपर्यंत उतरलेली. पर्काचिकच्या उतारावर बसून तिच्याकडे नीट बघा. तिचा पुढचा भाग आपण समजतो तसा पांढरा नाही, दगडमातीने राखाडी झालाय, आणि भेगांच्या आत निळा रंग आहे.

वाटाड्याचे पैसे राहण्याच्या पैशांत धरलेले नसतात. आदल्या रात्रीच ठरवून घ्या, आणि घासाघीस करू नका. परतीची गाडीही आधीच पर्काचिकला बोलवून ठेवा. आमच्यासाठी ठरलेली गाडी आलीच नाही, आणि दुसरी मिळेपर्यंत रस्त्याकडेला बराच वेळ काढावा लागला. जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला. ढग दुपारी जमायला लागतात, तेव्हा घरातून उजाडताच निघा. लेह किंवा कारगिलमध्ये आधी राहून हवेची सवय झालेली नसेल, तर पहिल्याच दिवशी खिंडीच्या वाटेला लागू नका.