अमेरिकेत खिशात चाकू ठेवायचाय? टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कुठे काय चालतं

नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेत आलात आणि कॅम्पिंगला किंवा रोजच्या कामाला एखादा घडीचा चाकू घ्यायचा विचार असेल तर ऑर्डर करायच्या आधी हे बघा की तुम्ही कुठल्या स्टेटमध्ये राहता आणि तिथून कुठे कुठे जाता. देशभर एकच नियम नाहीये, आणि दुकानात उघड विकायला ठेवलाय म्हणजे कुठेही चालतो असं तर अजिबात नाही.

टेक्सास सगळ्यात मोकळं. बटण दाबलं की पातं बाहेर येतं त्या स्विचब्लेडवरची बंदी तिथे 2013 मध्येच उठली, 2017 पासून मोठ्या पात्याचे चाकूही सज्ञान माणसाला जवळ ठेवता येतात. फक्त पातं साडेपाच इंचांपेक्षा लांब असेल तर शाळा, कोर्ट, हॉस्पिटल, प्रार्थनास्थळं, बार अशा ठिकाणी न्यायचा नाही. शहरांनाही आपले वेगळे कडक नियम करता येत नाहीत, त्यामुळे ह्यूस्टनहून डॅलसला जाताना डोक्याला ताप नाही.

कॅलिफोर्नियात लांबीपेक्षा चाकू कसा बाळगलाय हे महत्त्वाचं. साधा घडीचा चाकू मिटलेला असेल तर खिशात चालतो, स्टेटने लांबीची मर्यादा घातलेली नाही. पण घडी न होणारा चाकू लपवून नेणं हा गुन्हा, तो म्यानात, कंबरेला, दिसेल असाच लावायचा. दोन इंच किंवा जास्त पात्याचं स्विचब्लेड घेऊन फिरायचं नाही, गाडीतही नाही. त्यात लॉस एंजेलिसमध्ये तीन इंच किंवा त्याहून मोठं पातं उघड्यावर बाळगायला बंदी, म्हणजे स्टेट म्हणतं दाखव आणि शहर म्हणतं दाखवू नको, तिथे घडी न होणारा चाकू घेऊन फिरायच्या भानगडीत पडूच नका.

न्यूयॉर्क शहरात चार इंच किंवा मोठं पातं सार्वजनिक जागी चालत नाही आणि लहान असलं तरी काम नसताना बाहेर दिसता कामा नये, चाकूची खिशाला अडकवलेली क्लिपसुद्धा पोलिसाच्या नजरेत येऊ शकते. एक बरं झालं, मनगटाच्या झटक्याने उघडणाऱ्या चाकूंवरची स्टेटची बंदी 2019 मध्ये रद्द झाली. तिच्यापायी साध्या कामाचे चाकू बाळगणारे कामगार वर्षानुवर्षं पकडले जात होते, हा सरळसरळ अन्याय होता.

आपली इतकी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते कारण तिथे मुख्य प्रश्न लांबीचा नाहीच, चाकू का बाळगलाय हा आहे. पिकनिकला कलिंगड कापायला पिशवीत नेलात तर कारण उघड आहे. पण "स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलाय" हे उत्तर, जे आपल्याला सगळ्यात साधं वाटतं, तेच तुम्हाला अडकवू शकतं. एका बाईने मारहाण करणाऱ्या पूर्वीच्या जोडीदाराच्या भीतीने गालिचा कापायचं पातं जवळ ठेवलं होतं, 1990 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिचा स्वसंरक्षणाचा मुद्दा मान्य केला नाही. तेव्हा एडिसन-जर्सी सिटीकडे राहणाऱ्यांनी, विशेषतः रात्री ट्रेनने येणाऱ्या मुलींनी, रक्षणासाठी म्हणून चाकू पर्समध्ये टाकू नये असं मी कळकळीने सांगेन.

मग घ्यायचा कुठला? फक्त टेक्सासात राहणार असाल तर आवडेल तो घ्या. कॅलिफोर्नियासाठी अंगठ्याने उघडायचा, स्प्रिंग नसलेला घडीचा. न्यूयॉर्क-न्यू जर्सी ये-जा असेल तर अडीच इंचांच्या आतलं, लॉक नसलेलं (उघडल्यावर जागेवर पक्कं न अडकणारं) पातं, स्विस आर्मीचा छोटा मॉडेल घेतलात तरी पार्सल उघडायला आणि फळं कापायला पुरतो. अडीच इंचांच्या आतल्या खिशातल्या चाकूला केंद्र सरकारच्या इमारतींबद्दलच्या कायद्यातही धोकादायक शस्त्र धरत नाहीत, तरी दारावरचा गार्ड आत सोडेलच असं नाही.

विमानाला मात्र सगळे सारखेच. छोटे चाकू केबिनमध्ये चालू द्यायचं 2013 मध्ये ठरलं होतं, मग विरोध झाला आणि तो बेत सोडून दिला, त्यामुळे भारतात येताना बॅग भरायच्या आधीच चाकू चेक-इन सामानात टाका.