अंधेरीचं सिम्युलेटर सेंटर, बाईकवाल्यांसाठी कसंय?
आपण बाईक रेसिंगवाले, आता टुरिंग कारमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसिंग कार्समध्ये, जायचं डोक्यात आहे पण ट्रॅक मुख्यतः चेन्नईला नाहीतर कोइम्बतूरला, मग मुंबईत बसून प्रॅक्टिस कुठे करणार, म्हणून अंधेरी ईस्टच्या या कार रेसिंग सिम्युलेटर सेंटरला जायला लागलो. ब्रेक पेडल एक नंबर! किती खाली गेलं ते नाही, किती जोर लावला ते मोजतं. बाईकवर पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांत असतो आणि डाव्या पायाला फक्त गियर टाकायची सवय, इथे त्याच पायाने ब्रेक मारायचा म्हटल्यावर सुरुवातीला जोर जास्त पडून चाकं लॉकच, म्हणजे फिरायची थांबून घसरायची. फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) गाडीत वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटते, हे तिथल्या कोच पोराने न वैतागता समजावलं. जॉनी चेकोत्तोचाही विषय निघाला, बाईक रेसिंगमधला १९७५ चा ३५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन, पुढे बीएमडब्ल्यूच्या टुरिंग कार्समध्ये पण गाजला.

बाकी एसी नावालाच, पार्किंगची बोंब, आणि वीकेंडला बर्थडे पार्ट्या, म्हणजे मागे केक कापतायत आणि आपण ब्रेकिंग पॉइंट (वळणाआधी ब्रेक कुठे मारायचा ती जागा) शोधतोय. वीकडेला सकाळी जा, रेट पण कमी लावतात.