आंब्याच्या साइटला रीराइट नियम लावून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

देवगडला काकांची हापूसची बाग आहे आणि कुंकेश्वरच्या बाजूला पाहुण्यांना राहायला देतो त्या दोन खोल्या. दोन्हींची मिळून एक वेबसाइट, ती मी सांभाळते. गेल्या श्रावणात, पाऊस जास्त आणि बागेत काम कमी असताना, मी रीराइट नियम (मागितलेला पत्ता सर्व्हरने आतल्या आत बदलून घ्यावा, अशा सूचना) लावून साइटचे सगळे पत्ते बदलून घेतले. आता पेट्या संपल्या, उरलेला आंबा कॅनिंगला गेला. एक अख्खा सीझन या नियमांवर निघाला, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी पत्ता कसा होता? साइटचं नाव, स्लॅश, प्रॉडक्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर 7. फोनवरच्या ऑर्डरी काका घेतात. पुण्यातलं गिऱ्हाईक विचारायचं, भाव कुठे बघायचा? काका डायरीतून पत्ता वाचायला लागायचे आणि प्रश्नचिन्हापाशी अडायचे. ‘ह्यां येवढां लांब फोनार कसां सांगू गो?’ असं त्यांनी मला एकदा वैतागून विचारलं. आता ते साइटचं नाव सांगतात आणि पुढे ‘स्लॅश हापूस’ म्हणतात. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

यामागे अपाची या वेब सर्व्हरचं (मागितलेलं पान ब्राउझरला पाठवणारा प्रोग्राम) मॉड रीराइट आहे, म्हणजे पत्ते बदलणारा त्याचा जोडभाग. राल्फ एंगेलशाल यांनी ते 1996 मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षी अपाचीला देऊन टाकलं. काम साधं आहे. आमच्याकडे पाकिटावर ‘सड्यावरचं घर’ एवढं लिहिलं तरी पोस्टमन बरोबर दारात येतो. तसंच बाहेरून ‘हापूस’ मागितलं की सर्व्हर आतल्या आत योग्य ती पीएचपी फाइल (पान तयार करणारा प्रोग्राम) चालवतो आणि ब्राउझरमधला पत्ता तसाच राहतो. नियम लिहायचे ते डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलमध्ये. नावाची सुरुवात टिंबाने असल्यामुळे ती फाइल लपलेली असते, शोधताना हे लक्षात ठेवा.

पहिले दोन दिवस माझे फुकट गेले. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि तिथे नियम लिहूनही काहीच होत नव्हतं. तिथे मॉड रीराइट आपण चालू करावं लागतं आणि अलाउ ओव्हरराइड हे सेटिंग ‘नन’वर असतं, म्हणजे सर्व्हर ती फाइल उघडूनही बघत नाही. हे ओळखायची सोपी खूण सांगते. फाइलच्या पहिल्याच ओळीत काहीतरी निरर्थक लिहा. 500 ची एरर (सर्व्हरमध्येच काही बिघडल्याची खूण) आली तर फाइल वाचली जाते आहे. साइट निवांत उघडली तर आधी सर्व्हरचं सेटिंग बघा, नियमांवर डोकं घालू नका.

नंतर फोटो गेले. ‘हापूस स्लॅश पाच-डझन’ हे पान उघडलं तर मजकूर आला, पण पेटीचा फोटो नाही आणि रंगही गेलेले. पानात मी फोटोचा मार्ग ‘फोटो स्लॅश पेटी’ असा अर्धवट लिहिला होता. ब्राउझरला वाटलं आपण ‘हापूस’ नावाच्या फोल्डरात आहोत, म्हणून तो फोटो तिथे मागायला लागला. सर्व्हरवर तसं फोल्डरच नाही. मार्गाची सुरुवात स्लॅशने केली की हे थांबतं. त्यातली खरी गोम वेगळीच होती. ‘खरी फाइल किंवा फोल्डर असेल तर नियम लावू नकोस’ या दोन अटी मी लिहिल्या होत्या, आणि त्या लागतातच. पण जी फाइल नाही तिची मागणीसुद्धा मग इंडेक्स डॉट पीएचपी या साइटच्या मुख्य फाइलकडे जाते. माझा प्रोग्राम अशा प्रत्येक मागणीला मुखपृष्ठ द्यायचा, तेही 200 म्हणून, म्हणजे सगळं ठीक आहे असं सांगून. न सापडलेल्या पत्त्याला 404, म्हणजे ‘पान नाही’ असं उत्तर देणं हे नियम लावल्यावर आपल्या प्रोग्रामचं काम होतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला जुन्या पत्त्यांनी, आणि माझ्या मते या कामाचा जीव तिथेच आहे. मागच्या सीझनच्या पेट्यांवरच्या लेबलांवर क्यूआर कोड होता, त्यात जुना पत्ता. त्या पेट्या लोकांच्या घरी पोचलेल्या. कोणी रिकामी पेटी माळ्यावर ठेवलेली असते, कोणी लेबलाचा फोटो काढून भावाला पाठवलेला असतो. ती वाट बंद करायची म्हणजे ओळखीच्या माणसाला दारातून परत पाठवण्यासारखं आहे. म्हणून जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला 301 ने (‘पत्ता कायमचा बदलला’ असं ब्राउझरला सांगणारा कोड) नव्यावर न्यायचं ठरवलं.

इथे दोन ठिकाणी ठेच लागली. रीराइट रूल, म्हणजे नियमाची ओळ, प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग (क्वेरी स्ट्रिंग) बघतच नाही. आयडी ओळखायचा तर क्वेरी स्ट्रिंगवर वेगळी रीराइट कंडिशन, म्हणजे अट, लिहावी लागते, आणि नव्या पत्त्यामागे जुनं शेपूट चिकटून येऊ नये म्हणून क्यूएसडी हा फ्लॅगही (नियमाच्या शेवटी लिहायची खूण). ते जमलं, तर पान गोल गोल फिरायला लागलं. जुना पत्ता नव्याकडे पाठवतो, नवा पत्ता आतून प्रॉडक्ट डॉट पीएचपी चालवतो, आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधले नियम त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून तपासले जातात. मग पहिल्या नियमाला वाटतं, हा आला जुना पत्ता! ‘हा शेवटचा नियम’ असं सांगणाऱ्या एल फ्लॅगने हे थांबत नाही. शेवटी अट ‘द रिक्वेस्ट’वर लावली. त्यात ब्राउझरने मुळात मागितलेली ओळ असते आणि आत काहीही बदललं तरी ती बदलत नाही. अपाची 2.4 मध्ये नियम पुन्हा तपासू न देणारा ‘एंड’ फ्लॅगही आहे, तोही चालतो.

301 देताना घाई करू नका. मी खोल्यांच्या जुन्या पानाला चुकून आंब्याच्या पानावर नेलं. पाच मिनिटांत दुरुस्त केलं, पण काकांच्या मोबाइलवर खोल्या उघडल्या की आंबेच यायचे. 301 म्हणजे कायमचं, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. आधी 302 ने, म्हणजे तात्पुरतं, चालवून बघायचं, आठवडाभर सगळं नीट चाललं की मग 301.

पत्ता मराठीतच असावा अशी माझी फार इच्छा होती. नागरीत ‘हापूस’ ठेवलासुद्धा. ब्राउझरमध्ये सुंदर दिसला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ. यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये नागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरं लागतात, म्हणून पाच चिन्हांच्या ‘हापूस’ची 45 अक्षरं होतात. क्यूआर कोडही त्यामुळे बारीक चौकटींचा झाला, आणि दमट लेबलावर तो मोबाइलला लवकर वाचता येईना. नाइलाजाने रोमन लिपी घेतली. मग स्पेलिंगचा प्रश्न आला. ‘आंबा’ कोणी एका ए ने लिहितं, कोणी दोन. दोन्ही ठेवले, एक दुसऱ्याकडे जातो. मोबाइलचा कीबोर्ड कधी पहिलं अक्षर मोठं करतो, त्यासाठी लहान-मोठं अक्षर एकच मानणारा एनसी फ्लॅग.

तक्रारी आहेत. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये चुकीच्या जागी एक स्पेस पडली तरी अख्खी साइट 500 दाखवते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, ऑर्डरी भराभर येत असताना, मी बागेत उभी राहून मोबाइलवरून एक ओळ बदलली आणि साइट गेली. घरी येऊन जुनी फाइल चढवेपर्यंत काकांचा फोन सतत वाजत होता. तेव्हापासून बदल फक्त लॅपटॉपवरून, आणि आधीच्या फाइलची प्रत शेजारी ठेवूनच. दुसरं म्हणजे, होस्टिंग बदलून एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरवर गेलात तर ही फाइल तिथे वाचलीच जात नाही, तिथली ट्राय फाइल्स ही सूचना वापरून सगळं नव्याने लिहावं लागतं. वेगात मला फरक जाणवला नाही, पण आमच्याकडे गर्दीच तेवढी नाही.

गूगलमध्ये वर येण्यासाठी हे करत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. प्रश्नचिन्हाचे पत्तेही गूगल वाचतं. डॉट पीएचपी दिसेनासं झालं म्हणजे साइट सुरक्षित झाली असंही नाही, आयडी तपासायचा तो तपासायलाच हवा. फायदा माणसांना होतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच लिहून ठेवलं आहे की पत्ता बदलू नये, आणि फाइलच्या प्रकाराचं शेपूट त्यात नसावं. यंदा महाशिवरात्रीला कुंकेश्वरच्या यात्रेसाठी खोल्यांचं पान केलं, त्याच्या पत्त्यात मी वर्ष घातलं होतं. छापायच्या आधी काढलं, आता दर यात्रेला तोच पत्ता चालेल.

एप्रिलमध्ये नाशिकच्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वीच्या पेटीवरचा कोड स्कॅन करून पाच डझनाची ऑर्डर दिली. कोड जुना होता, पान नवीन उघडलं, त्यांना काही कळलंही नाही. काकांनी ती पेटी स्वतः भरली.