आरपीजीमधे सेटएलएल-रीडई आठ महिने वापरल्यावर

जावातून उचलून मला एएस फोर हंड्रेडच्या, म्हणजे आयबीएमच्या बिझनेस मशीनच्या, आरपीजी भाषेतल्या कामावर टाकलं तेव्हा मित्रांनी लगेच सुरू केलं, मशीन 1988 ची, भाषा 1959 पासूनची, गेलं तुझं करिअर. आठ महिने झाले, करिअर आहे तिथंच आहे, केस थोडे गेले, आणि त्यातले निम्मे एकाच भानगडीपायी: फाइलचा कर्सर, म्हणजे पुढचं वाचन कुठून होणार ती खूण, आत्ता नक्की कुठे उभा आहे.

चेन ऑपरेशन, म्हणजे थेट एक रेकॉर्ड वाचणं, मात्र मस्त आहे. की (गिऱ्हाईक नंबरसारखी रेकॉर्डची ओळख) द्या, रेकॉर्ड मिळाला तर %फाउंड ऑन, नाही तर ऑफ, विषय संपला. मी पण सुरुवातीला सगळीकडे चेनच मारायचो.

सेटएलएल हे वेगळंच प्रकरण. ते काहीच वाचत नाही हो! दिलेल्या की-एवढा किंवा त्याच्या पुढचा पहिला रेकॉर्ड जिथे असेल त्याच्या अलीकडे फक्त बोट ठेवून थांबतं. मी सेटएलएल केलं, %फाउंड बघितलं, ऑन आलं, म्हटलं गिऱ्हाईक सापडलं. 4012 नंबरचं गिऱ्हाईक फाइलमधे नव्हतंच, पुढचं 4015 होतं, तेवढ्यावर %फाउंड ऑन होतं. तंतोतंत जुळलं का ते %इक्वल सांगतं. आणि वाचलंच नसल्यामुळे फील्डमधे अजून आधीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता बसलेला, तोच बिलावर छापला गेला. नशीब की टेस्टिंगमधे होतं.

मग तो प्रसिद्ध पंधराव्या ऑर्डरचा किस्सा. ऑर्डरची यादी दाखवणारी स्क्रीन, एका पानावर चौदा ओळी. सकाळी पहिल्यांदा उघडली की बरोबर, एफ थ्री मारून परत उघडली की यादी पंधराव्या ऑर्डरपासून सुरू. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, साइन ऑफ करून परत आलं की नीट होतं. दोन दिवस मी डेटा तपासत बसलो. सिनियर सरांनी खुर्ची ओढली, कोडवर एक नजर टाकली आणि विचारलं, "अरे, एलआर ऑन करतोस का?" करत नव्हतो. *इनएलआर, म्हणजे प्रोग्राम पूर्ण बंद करायचा स्विच, ऑन न करता रिटर्न केलं की प्रोग्राम मेमरीत राहतो, फाइल उघडी राहते आणि कर्सर जिथे सोडला तिथेच असतो, साइन ऑफ केल्यावर जॉबच संपतो म्हणून तेव्हा बरं वाटायचं. एलआर मुद्दाम ऑफ ठेवला होता, स्पीडसाठी, म्हणून तो तसाच राहू दिला आणि सुरुवातीलाच सेटएलएल *लोव्हॅल टाकलं, म्हणजे बोट पहिल्या रेकॉर्डच्या अलीकडे. एका ओळीचं काम.

सगळ्यात जास्त छळलं ते अडकलेल्या लूपने. एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी रीडईने (तीच की असलेला पुढचा रेकॉर्ड वाचणारं ऑपरेशन) वाचतोय, आतून एक सबरूटीन बोलावतोय, ते डुप्लिकेट आहे का बघायला त्याच फाइलवर गिऱ्हाईक अधिक ऑर्डर नंबर देऊन सेटएलएल करतंय. म्हणजे बोट परत याच रेकॉर्डच्या अलीकडे, पुढची रीडई परत हाच रेकॉर्ड आणणार, जॉब रात्रभर फिरत राहिला. सकाळी डिस्प्ले जॉबमधे ऑप्शन 14 ला उघड्या फाइल्स दिसतात तिथे बघितलं तर आय-ओ काउंट (किती वेळा वाचलं-लिहिलं तो आकडा) एफ फाइव्ह मारला की वाढतोय आणि रेकॉर्ड नंबर ढिम्म हलत नाही. हा स्क्रीन मला आधी कुणी दाखवला असता तर स्टार्टडीबग लावून एकेक ओळ एफ टेन दाबत बसलो नसतो. तपासायला त्याच फाइलवरची लॉजिकल फाइल (त्याच डेटाकडे बघायची दुसरी वाट) वेगळी उघडली, तिचा कर्सर वेगळा, प्रश्न मिटला.

तसंच %ईओएफला, म्हणजे रेकॉर्ड संपले का ते सांगणाऱ्याला, फाइलचं नाव द्याच. आत डिटेलचा लूप संपला की नुसतं %ईओएफ ऑन होतं आणि बाहेरचा डीओयू (अट पुरी होईपर्यंत फिरणारा) लूप समजतो ऑर्डरचे हेडरच संपले, मग रिपोर्टमधे एकच ऑर्डर. आणि अपडेटसाठी उघडलेल्या फाइलवर नुसतं बघायचं असेल तर चेनला कंसात एन लावा, म्हणजे रेकॉर्ड लॉक होत नाही, नाहीतर कुणीतरी स्क्रीन तशीच ठेवून जेवायला जातं आणि बाकीचे लॉकवर 60 सेकंद ताटकळत बसतात.

नवे लोक म्हणतात सगळं एसक्यूएलमधे लिहा. रिपोर्टसाठी पटतं, मी पण आता तसंच करतो. पण एक रेकॉर्ड उचलायचा, बदलायचा, सोडायचा, याला चेन आणि अपडेट अजूनही मला सुटसुटीत वाटतं, आणि 90 च्या दशकातला कोड आजही जसाच्या तसा कंपाइल होतो हे काय कमी आहे का.

एक जुना फिक्स्ड फॉरमॅटमधला (ठरलेल्या रकान्यांत लिहिलेला) प्रोग्राम अजून शिल्लक आहे. त्यात एफ-स्पेकवर, म्हणजे फाइल जाहीर करायच्या ओळीवर, की-ने वाच असं सांगणारा के टाकायचा राहिलाय, म्हणून रेकॉर्ड की-च्या क्रमाने न येता फाइलमधे पडले त्या क्रमाने येतात. मी हौसेने दुरुस्त करून दाखवला तर मॅडम म्हणाल्या, हे काय केलंत, आम्हाला तोच क्रम लागतो. परत जुना लावला, आणि सोर्समधे एक कॉमेंट टाकून ठेवली, हात लावू नये.