अंदमान की डेनट्री? जंगल आणि प्रवाळ दोन्ही हवं असलेल्या जोडप्यासाठी

धाकट्या मावसबहिणीच्या लग्नाला दहा वर्षं होतायत. लेक आजीकडे राहायला तयार आहे, दोघांना मिळून नऊ दिवसांची रजा जुळतेय, आणि हट्ट एकच: घनदाट जंगलही बघायचं आणि प्रवाळही. "ताई, तू दोन्हीकडे जाऊन आलीस. अंदमान करू की ऑस्ट्रेलिया?" फोनवर तिला तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहून काढते. वर्षातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतंच.

ऑस्ट्रेलिया म्हणजे इथे सिडनी-मेलबर्न नव्हे. क्वीन्सलँड राज्याच्या उत्तरेचं केर्न्स, तिथून गाडीने तासाभरावरचं पोर्ट डग्लस, आणि त्याच्याही पुढे डेनट्रीचं जंगल. ग्रेट बॅरियर रीफ 1981 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिला खेटून असलेला पावसाळी जंगलाचा पट्टा 1988 पासून. डेनट्रीतल्या केप ट्रिब्युलेशनला झाडं अक्षरशः वाळूपर्यंत उतरतात आणि समोरच्या पाण्यात प्रवाळ सुरू होतात.

रजा कधी मिळतेय?

बजेटच्या आधी मी हे विचारते, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. अंदमानात मे संपायच्या आत आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, तो जातो न जातो तोच ईशान्येचा सुरू होतो. डिसेंबर उजाडला की आकाश निवळतं. पाण्याखालचं बघायला फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. केर्न्सला नेमकं उलट: डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस आणि वादळं, मे ते ऑक्टोबर कोरडं. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर वादळानंतर केर्न्सचा विमानतळ पाण्याखाली गेला होता, त्यामुळे 'नाताळच्या सुट्टीत ऑस्ट्रेलिया' हा बेत या कोपऱ्यासाठी तरी रद्द समजा.

शिवाय साधारण नोव्हेंबर ते मे तिथल्या किनाऱ्यालगत विषारी जेलीफिश असतात. तेव्हा पाण्यात उतरायचं तर गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटणारा सूट घालावा लागतो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तरी थंडीसाठी तसलेच सूट घातले, आणि त्या फोटोत आम्ही दोघं सर्कशीतून पळून आल्यासारखे दिसतो.

थोडक्यात, जानेवारी ते एप्रिल रजा असेल तर अंदमान, जून ते ऑक्टोबर असेल तर क्वीन्सलँड. दिवाळी ऑक्टोबरात आली तर क्वीन्सलँड जमेल, नोव्हेंबरात आली तर दोन्हीकडे धाकधूक.

पाण्याखाली

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारे काका त्याच्या वाट्याला आले नाहीत. म्हणून ही तुलना मी पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी करत नाहीये.

अंदमानात आम्ही हॅवलॉकला (कागदोपत्री 2018 पासून स्वराज द्वीप) चार रात्री राहिलो. पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्याला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि पोहता येण्याची अटही नसते. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव, मग प्रशिक्षक पाठीमागून टाकीला धरून हळूहळू खाली नेतो. पहिल्या दिवशी नवरा दोन मीटरवरच घाबरला आणि वर आला. प्रशिक्षक म्हणाला, "दादा, उद्या सकाळी परत या." दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास खाली होता. हे 'उद्या परत या' अंदमानात शक्य होतं, कारण समुद्र राहत्या खोलीपासून पाच मिनिटांवर असतो. पाणी कोमट असतं, त्यामुळे अंगही आखडत नाही. खाली गेल्यावर पोपटमासे प्रवाळ खरडून खाताना ऐकू येतात. हो, ऐकू येतात. शेजारी बसून कुणी भाजके चणे खावेत तसा आवाज. एक भलामोठा शिंपला निळ्या-हिरव्या ओठांनी आ वासून बसला होता, आमची सावली पडताच तो बंद झाला.

आता वाईट भाग. अंदमानच्या उथळ पाण्यातल्या प्रवाळांना 2010 आणि 2016 या दोन्ही उन्हाळ्यांत समुद्र तापल्याने मोठा फटका बसला. हॅवलॉकच्याच एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंगला (तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खाली बघायला) उतरलात तर खाली बरंचसं करडं, मोडकं दिसेल, आणि वर जेट स्कीचा गोंगाट. त्यापेक्षा पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून निघणारी जॉली बॉयची फेरी करा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ते निर्मनुष्य बेट आहे, परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी बंद असतं, आणि प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा नेता येत नाही. बेट वर्षाचे काही महिनेच उघडं असतं, उरलेल्या काळात त्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात.

ग्रेट बॅरियर रीफची लांबी सुमारे 2,300 किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी जेवढं अंतर कापते, त्याहून जास्त. पोर्ट डग्लसहून मोठ्या कॅटामरानने दीड तास गेलं की बाहेरची रीफ लागते. तिथे सांबरशिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ, मांडवाएवढे पसरट प्रवाळ, आणि मग एकदम तळ दिसेनासा करणारी निळी भिंत. प्रवाळ म्हणून बघाल तर हे अंदमानच्या दोन पावलं पुढे आहे. तिथेही 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 मध्ये समुद्र तापून मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडलेत, म्हणजे फार लवकर गेल्याने काही बिघडणार नाही.

पण ती दीड तासाची बोट! ऑगस्टमध्ये वारा वाहतो. बोटीवरच्या मुली कागदी पिशव्या आणि आल्याच्या गोळ्या वाटत फिरत होत्या. मला बोट लागते हे मला तोवर माहीतच नव्हतं. कोकणातल्या होडीत कधी काही झालं नव्हतं. रीफवर मिळतात चार-पाच तास, त्यात जेवण, त्यात रांग. नवऱ्यासारखा कुणी पहिल्या प्रयत्नाला घाबरला तर 'उद्या' पुन्हा माणशी अडीचशे-तीनशे डॉलर.

म्हणून माझं मत: पाण्याशी पहिली ओळख अंदमानात, आणि ओळख आधीच असेल तर बॅरियर रीफ. दोन्हीकडे आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. क्वीन्सलँडमध्ये दमा, रक्तदाबाच्या गोळ्या असं काही लिहिलंत तर डॉक्टरच्या दाखल्याशिवाय डाइव्हला नेत नाहीत. अंदमानात एका दुकानात मात्र आम्हाला "सगळीकडे 'नाही' लिहा, काय होतंय" असा सल्ला मिळाला. नवऱ्याला लहानपणी दमा होता. आम्ही तिथून उठलो आणि पलीकडच्या केंद्रात गेलो, तिथे आधी डॉक्टरशी बोलून घ्यायला लावलं. तुम्हीही उठा. डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान 18 तास ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी डाइव्ह नको.

जंगल

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ऑस्ट्रेलियाला लोक रीफसाठी पैसे मोजतात आणि अंदमानात 'जंगल तर आहेच' असं धरून चालतात. जंगल आहेच, बेटांचा सगळा कणा जंगलाचाच आहे. गर्जन आणि पडौकाची झाडं बघताना मान दुखते. पण त्यातला मोठा भाग राखीव आहे, आदिवासींचा आहे, आणि तो आपल्यासाठी बंद असणंच योग्य आहे. पर्यटकाच्या वाट्याला येतं ते चिडियाटापू, पूर्वीचा माउंट हॅरिएट आणि आताचा माउंट मणिपूर, आणि एलिफंट बीचची पायवाट. ही शेवटची बोटीऐवजी पायीच करा. पाऊण तास झाडीतून, शेवटी खारफुटीच्या मुळांमधून आणि चिखलातून. आमची एक चप्पल अजून तिथे आहे.

सहलीवाले बाराटांग गळ्यात मारतील: चुनखडीची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. त्यासाठी जिरकाटांगहून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, तरी गाडीतले लोक काचेला नाकं लावून माणसं शोधत असतात. मी गेले नाही आणि कुणाला जा म्हणणार नाही.

डेनट्रीत मात्र जंगल तुम्हाला आत घेतं. नदीला पूल नाही. तारेवर ओढली जाणारी फेरीबोट आहे, त्यात गाडी चढवायची. पलीकडे गेलं की मोबाइल गप्प होतो. जिंदाल्बा, मार्जा अशा ठिकाणी लाकडी पायवाटा आहेत, फुकट, ज्यांवरून साठीतले सासू-सासरेही आरामात चालतील. या जातीचं जंगल या भागात कोट्यवधी वर्षं टिकून आहे, डायनासोरांच्या काळापासूनच्या वनस्पतींची घराणी इथे नांदतात. मार्जाच्या वाटेवर एका वळणापर्यंत पंख्यासारख्या पानांचे ताड आणि पुढच्या वळणावर खारफुटी. आपल्या वेताचीच भावकी असलेली एक काटेरी वेल दोन्हीकडून वाटेवर लोंबते. आकडे बाहीत अडकले की ओढायचं नाही, एक पाऊल मागे यायचं. एक झाड तर आपल्या खाजकुयलीची पणजी शोभेल असं आहे. पानाला हात लागला तर दुखणं महिनोन्‌महिने पुन्हा उसळतं म्हणतात, तेव्हा पायवाट सोडू नका.

कॅसोवरी हा माणसाएवढा, न उडणारा पक्षी आम्हाला दिसला नाही. दिसली ती त्याची विष्ठा, वाटेच्या मधोमध टोपलीभर, आणि तिच्यात आख्ख्या बिया, जांभळाएवढ्या, काही लिंबाएवढ्या. इतक्या मोठ्या बिया गिळून लांब नेऊन टाकणारं या जंगलात दुसरं फारसं कुणी नाही. मी तिथे पाच मिनिटं उकिडवी बसून त्या बिया मोजत होते, आणि नवरा आजूबाजूला कुणी बघत तर नाही ना हे पाहत होता.

2021 मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी तिथल्या मूळच्या कुकू यलांजी लोकांना परत मिळाली. मॉसमन गॉर्जला त्यांच्यातलाच कुणी वाटाड्या घेऊन फिरा. धुराने स्वागत होतं, दगडावर गेरू घासून रंग करून दाखवतात. बाराटांगच्या रस्त्याहून हा किती वेगळा अनुभव आहे, ते वेगळं सांगत नाही.

दोन्हीकडे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. डेनट्री नदीत त्या बोटीतून बघायच्या. अंदमानात त्या नसल्यासारखं लोक वागतात, पण 2010 मध्ये हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन महिलेचा मगरीने बळी घेतला होता. फलक असेल तिथे उतरू नका.

पैसा आणि बारीकसारीक

आम्हा दोघांना अंदमानचे सात दिवस सव्वा लाखात पडले, क्वीन्सलँडचे नऊ दिवस पाच लाखांच्या पुढे गेले. त्यातला मोठा वाटा विमानाचा. आम्ही सिंगापूरमार्गे केर्न्सला गेलो. नऊ दिवसांच्या रजेत जाण्या-येण्याचे दोन-अडीच दिवस सहज जातात, हे बहिणीला सगळ्यात आधी मोजायला लावलं. व्हिसा ऑनलाइन, फी सुमारे 200 ऑस्ट्रेलियन डॉलर, नाकारला तरी परत नाही.

तिथे गाडी भाड्याने घ्याच. रस्त्याची बाजू आपलीच, डावी, आणि इंग्रजीत असलेलं आपलं लायसन्स चालतं. अंधार पडल्यावर मात्र चालवू नका, जनावरं रस्त्यावर येतात. बॅगेत चिवडा-लाडू असतील तर विमानातल्या कार्डावर लिहा. लिहून जप्त झाले तर फक्त लाडू जातात, लपवले तर दंड.

अंदमानात घड्याळ आपलंच, सूर्य नाही. फेब्रुवारीत साडेपाचलाच तो मावळतो, त्यामुळे हॅवलॉकमधल्या राधानगरच्या किनाऱ्यावर 'संध्याकाळी जाऊ' म्हणणारे अंधारात पोहोचतात. पहाटे उठा. हॅवलॉकहून परतायची फेरीबोट हवामानामुळे रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजय पुरम) काढा. तसंही सेल्युलर जेलला अर्धा दिवस लागतोच. सावरकरांची कोठडी न बघता परतलात तर घरचे दारात उभं करणार नाहीत.

बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रजा ऑगस्टात मिळतेय, दोघांनाही पोहता येतं, आणि समुद्रापेक्षा जंगल जास्त हवंय. मी म्हटलं, मग विचारतेस काय, डेनट्री. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. भाऊजींचा पासपोर्ट मार्चमध्ये संपलाय, तो शोधायला ती उठली होती.