पाँटूनची भोकं आणि ट्रेलरच्या फळ्या

हे आमच्या पाँटून बोटीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्यांवर तरंगणाऱ्या बोटीच्या, आणि ती दुरुस्त करणाऱ्या वेल्डरबद्दल. ती डावीकडे कलायची, त्याचं खापर आम्ही बरेच दिवस एका वजनदार मित्रावर फोडलं. तो भारतात गेलेला असतानाही ती कललीच. मग इथे अमेरिकेत, जॉर्जियातल्या लेक लेनियर तलावाच्या धक्क्यावर ती ट्रेलरवर ओढून घेतली, आणि डाव्या नळकांड्यातून पाणी गळायला लागलं ते थांबेचना. बादल्या मोजल्या. जवळजवळ ३० गॅलन! म्हणजे ११० किलोंच्या वर पाणी आम्ही फुकट फिरवत होतो.

पहिल्या दुकानाने भोकांवर पुटी थापली, रंग मारला, पैसे घेतले. पुढच्या मोसमात पुटीचा पापुद्रा नखाने निघाला. आत चुन्यासारखी पांढरी भुकटी.

नंतर सापडला हा वेल्डर. गावाबाहेर पत्र्याची शेड, दारावर पाटीसुद्धा नाही. बोटीखाली दोन मिनिटं आडवा झाला आणि म्हणाला, "आधी ट्रेलर दाखवा." मला वाटलं, आता ट्रेलरचंही बिल लावणार. पण खड्डे सगळे दोन सरळ रेषांत होते, पट्टीने आखल्यासारखे. बरोबर जिथे नळकांडी ट्रेलरच्या फळ्यांवर टेकतात तिथे. आधीच्या मालकाने फळ्या नव्या बसवल्या होत्या, वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवलेल्या, वर गालिचा. इकडे २००४ पासून घरगुती वापराच्या लाकडातलं आर्सेनिकवालं औषध गेलं आणि जास्त तांब्याची औषधं आली. ओलीत तांबं ॲल्युमिनियमला खातं. ओला गालिचा, तांबं आणि ॲल्युमिनियम, बोट महिनोन् महिने त्यावर बसलेली. आणखी काय हवं?

माझे आजोबा मालवणात होडीच्या फटीत कापूस ठोकून वरून राळ लावायचे. मला वाटायचं, भोक बुजवणं म्हणजे तेवढंच. इथे बुजवण्याआधीच दोन दिवस गेले. आत ओल राहिली तर वेल्ड स्पंजासारखं होतं, म्हणून आधी नळकांडी वाळवली. मग प्रत्येक खड्डा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, कारण ती पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, वितळायला २००० अंश सेल्सिअसच्या वर लागतात आणि खालचं ॲल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं. नवऱ्याने मदत म्हणून गाडीच्या ब्रेकचा क्लीनर पुढे केला, तर वेल्डर जवळजवळ ओरडलाच. क्लोरीनवाल्या क्लीनरवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पडली की फॉस्जीन, विषारी वायू. तेव्हापासून नवरा लांबूनच बघत होता.

छोटी भोकं टिगने, म्हणजे बारीक कामाच्या वेल्डिंगने, भरली. जिथे पत्रा कागदासारखा झाला होता तिथे ५०५२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ठिगळ. शेवटी आत फक्त २ पीएसआय दाबाची हवा भरून वरून साबणाचं पाणी. एवढीशीच का, विचारलं, तर जास्त भरली की टोकांच्या टोप्या फुगतात. आम्हाला चार भोकं दिसली होती, बुडबुडे अकरा ठिकाणी आले.

आता तक्रारी. पाच दिवस म्हणाला आणि तीन आठवडे लावले, सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीची लाँग वीकेंड बुडाली. फोन उचलत नाही. वेल्डच्या शिवणी ओबडधोबड आहेत, दिसायला सुबक काम हवं असेल तर इथे जाऊ नका. बिल १,३५० डॉलर, पुटीच्या पाचपट. पण त्यात प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या नव्या फळ्या आल्या, आणि मॅग्नेशियमचे ॲनोडही, म्हणजे बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. आधी जस्ताचे होते, ते खाऱ्या पाण्यातले. गोड्या पाण्यात नुसते लटकत होते.

दोन मोसम झाले, बोट सरळ आहे. पाचपैकी चार तारे, पाचवा लेबर डेला गेला.

जुन्या फळ्या गॅरेजमागे पडल्यात. नवरा म्हणतो, त्यांचा बाक करू. करू दे, पण माझ्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांपासून लांब.